वाडा की नळ? : आवडत्या इमारतीचा खेळ आणि बिबवेवाडीजवळचा अदृश्य वारसा

१/
‘हे की ते?’ हा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन पर्याय समोर ठेवायचे आणि एकच निवडायचा. ‘दोन्ही’ म्हणण्याची मुभा नाही. राजगड की रायगड, अजिंठा की वेरूळ, एम्पायर स्टेट की क्रायस्लर! खेळ पोरकट वाटतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तो एक अवघड प्रश्न विचारतो : वास्तूचे मोल नेमके कशावर ठरते?

२/
अमेरिकेने हा खेळ एकदा राष्ट्रीय पातळीवर खेळून पाहिला. तेथील वास्तुविशारदांच्या संस्थेने आपल्या दीडशेव्या वर्धापनानिमित्त २००७ मध्ये सामान्य नागरिकांना इमारतींची छायाचित्रे दाखवून दीडशे आवडत्या वास्तूंची यादी सिद्ध केली. पहिला क्रमांक १९३१ साली पूर्ण झालेल्या, १०२ मजल्यांच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला मिळाला. दुसरा व्हाइट हाउसला.

३/
यादीतील एकोणिसावे नाव अंतर्मुख करणारे आहे : वर्ल्ड ट्रेड सेंटर. मतदान झाले तेव्हा ते जुळे मनोरे पडून पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. म्हणजे लोकांनी अस्तित्वात नसलेल्या वास्तूलाही मते दिली. आवड ही केवळ दगडविटांवर जडत नाही, ती स्मृतीवर जडते, हे यावरून उघड होते.

४/
आता दुसरी बाजू पाहा. याच संस्थेच्या सभासदांनी १९९१ मध्ये अमेरिकी वास्तुकलेतील सर्वश्रेष्ठ कृती म्हणून फ्रँक लॉइड राइट यांच्या ‘फॉलिंगवॉटर’ या धबधब्यावर उभारलेल्या घराची निवड केली होती. २००७ च्या लोकमतात तेच घर एकोणतिसावे आले. जाणकारांचा पहिला तो लोकांचा एकोणतिसावा! कोणी चूक नव्हते. दोघांचे मापदंड वेगळे होते.

५/
मात्र एक उणीव दोन्ही निवडींत संभवते. जे दिसते तेच स्पर्धेत उतरते. छायाचित्रात शिखर येते, पाया येत नाही. दरवाजा येतो, त्यामागचे पाणी येत नाही. हीच उणीव पुण्याच्या बाबतीत किती महाग पडू शकते, ते पाहण्यासाठी खेळ बिबवेवाडीच्या परिसरात आणू या.

६/
प्रश्न असा : शनिवारवाडा की कात्रजचा नळ?
वाड्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. १८२८ च्या आगीत आतील लाकडी महाल भस्मसात झाले. उरला तो तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती. तरीही पुण्याचे चित्र म्हटले की हाच दरवाजा डोळ्यांपुढे येतो.

७/
आणि नळ? नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणण्यासाठी ही योजना आखली गेली. आज बिबवेवाडीच्या पश्चिमेस जो सातारा रस्ता वाहनांनी ओसंडतो, त्याच पट्ट्यातून हा भूमिगत मार्ग सुमारे आठ किलोमीटर अंतर कापून शनिवारवाड्यापर्यंत जात असे.

८/
यात यंत्र नव्हते, पंप नव्हता. कात्रज उंचावर, शहर सखल भागात. एवढ्या एका गोष्टीचा आधार घेऊन दगडी बांधणीचा भुयारी मार्ग उतरता नेला. ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधले. त्यांतून हवा खेळे आणि आत उतरून गाळही काढता येई. शेवटी पाणी शहरातील हौदांत पडे. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे त्याच व्यवस्थेची खूण आहेत.

९/
एकच निवडायचे असेल, तर नळ निवडावा.
कारण सरळ आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८२८ मध्ये वाडा जळाला. हौदांत पाणी मात्र येतच राहिले. राज्य गेले तरी उपयोग उरला, ही कसोटी फार थोड्या राजवास्तू उत्तीर्ण होतात.

१०/
यावर रास्त आक्षेप येईल : वाड्यातील सत्ता नसती, तर नळ बांधला कोणी असता? खरे आहे. शिवाय नळ म्हणजे निर्मळ लोककल्याण, असेही मानू नये. सार्वजनिक हौदांवर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना पाणी भरता येत नव्हते. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, ही घटना नळाच्या इतिहासाचाच भाग आहे. वाडा सत्तेची कथा सांगतो. नळ सत्ता आणि समाज दोघांचीही सांगतो. म्हणूनच तो अधिक बोलका.

११/
न्यूयॉर्कनेही असाच उतार वापरला. १८४२ मध्ये सुरू झालेला क्रोटन जलमार्ग सुमारे ६६ किलोमीटरवरून केवळ गुरुत्वाकर्षणाने शहरात पाणी आणी. बेचाळिसाव्या रस्त्यावर त्याचा भव्य जलाशय होता. तो पाडून त्या जागी १९११ मध्ये शहराचे प्रसिद्ध ग्रंथालय उभे राहिले. लोक ग्रंथालयाचे सिंह पाहतात. पाण्याची आठवण क्वचितच कोणाला होते.

१२/
पुढे १९६३ मध्ये त्याच शहराने पेन स्टेशनची भव्य इमारत पाडण्यास घेतली. त्या हानीने जनमत खवळले आणि १९६५ मध्ये वारसावास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला. पण पेन स्टेशन दिसत होते, म्हणून त्याचे जाणे दिसले. जमिनीखालचे भुयार तुटले तर शोक कोण करणार?

१३/
खरा धोका येथेच आहे. दिल्ली दरवाज्याचा एक दगड निखळला तरी बातमी होईल. इमारतीचा पाया खणताना किंवा रस्ता उकरताना अठराव्या शतकातील बांधकामाला धक्का लागला, तर तो मातीच्या ढिगाऱ्यासोबत उचलला जाईल आणि कोणाला कळणारही नाही. आवडीच्या यादीत नसलेली वस्तू रक्षणाच्या यादीतही मागे पडते.

१४/
म्हणून खेळ जरूर खेळावा, पण नियम बदलून. ‘कोणती वास्तू सुंदर?’ याऐवजी ‘कोणती नसती तर शहर जगले नसते?’ असे विचारावे. बिबवेवाडीला ना गगनचुंबी मनोरा आहे, ना पेशव्यांचा महाल. पण तिच्या शेजारून पुण्याची तहान वाहत गेली आहे. सातारा रस्त्यावरच्या सिग्नलला थांबलेल्या तरुणाने एकदा पायांखालच्या जमिनीचा विचार केला, तरी हरणाऱ्या पर्यायाला एक मत मिळाले असे समजावे.