चालेल!

मराठीतला सर्वांत घातक शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी शिव्यांकडे वळणार नाही. ‘चालेल’ या शब्दाकडे बोट दाखवीन. याच एका शब्दावर मी वीस वर्षं संसार आणि बँकेतली कारकुनी निभावली आहे.

माझी रजा दुसऱ्याला हवी? चालेल. मेहुण्याच्या कर्जाला जामीन? चालेल. अख्ख्या अष्टमीत मी ‘देवमाणूस’ म्हणून प्रसिद्ध आहे. देवाचं असंच असतं. नैवेद्य त्याला दाखवून लोक स्वतः खातात!

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोनं वालाचं बिरडं केलं. मी म्हणालो, “छान!” झालं. तेव्हापासून दर रविवारी बिरडं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलायचा. परवा सोलता सोलता ती म्हणाली, “अहो, कंटाळा आला हो या वालांचा.”

मी धीर केला. “मग नको करूस. मला तरी कुठे आवडतं?”

तिचा हात थांबला. “मग वीस वर्षं बोलला का नाहीत?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

“आणि मी तुमच्यासाठी नखं झिजवली! बरं, आवडतं तरी काय तुम्हाला?”

खरं सांगतो, मला आठवेना.

याला लोक समजूतदारपणा म्हणतात. मी म्हणतो, हा खोटा हिशेब आहे. आपली आवड दडवायची, समोरच्याला अंदाजानं राबवायचं आणि मोठेपणा मात्र आपल्या खाती जमा! कुंडलिकेपलीकडच्या रोह्याशी नातं असलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. ते प्रत्यक्ष नेहरूंना ‘चालणार नाही’ म्हणू शकले आणि अलीकडच्या काठावर मला ‘वाल नको’ म्हणायला वीस वर्षं लागावीत?

बँकेत २ वर्षांहून अधिक काळ खातेदारानं व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. १० वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. माझ्या आवडीनिवडींचं तेच झालं. पण नियमात दिलासा आहे: खातेदारानं ओळख पटवून मागणी केली, तर रक्कम परत मिळते.

काल बायकोनं विचारलं, “संध्याकाळी काय करू?”

मी डोळे मिटून विचार केला आणि ठणकावून सांगितलं, “पिठलं!”

“बेसन संपलंय. उपमा चालेल?”

शब्द अगदी जिभेवर आला होता. गिळला.

“नाही. पिशवी दे, बेसन घेऊन येतो.”