दादाचे ट्वीटर

खरे म्हणजे भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे. पण आमचा दादा पडला ट्रकवाला. कोल्हापूरचा गूळ गुजरातेत पोचवायचा आणि येताना मिळेल तो माल आणायचा, असे त्याचे सव्वीस वर्षे चालले आहे. दिवाळीत त्याचा ट्रक चार दिवस घरापुढे उभा राहतो हेच पुष्कळ. तेव्हा दर वर्षी पुण्याहून मीच कोल्हापूरला जाते. माझ्या एम.ए.ची दोन वर्षांची फी त्याच्या आधीच्या ट्रकने भरलेली आहे. एवढा प्रवास मला अंगाला लागत नाही.

गेल्या वर्षी पोचले, तो बापलेक ट्रकच्या केबिनमध्ये आणि वहिनी दारात उभी. “सकाळपासून हाका मारतेय, ऐकून न ऐकल्यासारखं करतात,” ती म्हणाली. ही तक्रार मी गेली पाचसहा वर्षे ऐकत होते. संसारात नवरे असे ऐकेनासे होतात, अशी माझी समजूत होती. (आमच्या घरीही थोडाफार तोच प्रकार आहे.)

केबिनमध्ये चालले होते ट्वीटर बसवण्याचे काम. ट्वीटर म्हणजे बारीक, उंच स्वर काढणारा छोटा ध्वनिवर्धक. रुपयाच्या नाण्याएवढा रेशमी घुमट असतो त्याला. इंग्रजांनी बारशी मोठी गमतीने केली आहेत: चिवचिवतो तो ट्वीटर आणि भुंकतो तो वूफर. दादाच्या ट्रकात स्पीकर होते, पण दाराच्या तळाशी. “त्यामुळे लताबाईंचा आवाज गोणपाटातून येतो,” असे भाच्याचे म्हणणे. पोरगा आय.टी.आय.त वीजतंत्री झालेला, त्यामुळे आत्याला शिकवण्याची संधी त्याने सोडली नाही.

त्याने सांगितले ते मला पटले. सेकंदाला 100 कंपने असलेल्या स्वराची लाट साडेतीन मीटरभर लांब असते. ती सीट, गुडघा, डबा सगळ्याला वळसा घालून कानापर्यंत येते. 10,000 कंपनांच्या स्वराची लाट मात्र जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. ती सरळ रेषेत जाते आणि वाटेत ड्रायव्हरचा गुडघा आला की तिथेच संपते. म्हणून ट्वीटर वर, काचेशेजारच्या खांबावर हवा, आणि त्याचे तोंड ऐकणाऱ्याकडे हवे. बाजारात मिळणाऱ्या बैठका मोटारीसाठी केलेल्या. ट्रकचा खांब वेगळा, काच उभी आणि ड्रायव्हर बसतो उजव्या कडेला. उजवा ट्वीटर त्याच्यापासून हातभर, तर डावा केबिनच्या पलीकडच्या टोकाला. दोघांचा कोन सारखा ठेवून भागत नाही. भाच्याने पहिली जोडी सारखीच कापली होती, ती वाया गेली.

बैठक म्हणजे काय, तर दोन इंची प्लास्टिक पाइपाचा तुकडा. एक तोंड सरळ कापायचे, त्यात ट्वीटर. दुसरे तिरपे, ते खांबाला टेकते. किती तिरपे, हे मात्र गणिताने ठरत नाही, कानाने ठरते. त्यासाठी वहिनीच्या परातीतली कणीक आली होती. कणकेच्या गोळ्यावर ट्वीटर चिकटवायचा, गाणे लावायचे, बोटाने थोडा वळवायचा, पुन्हा ऐकायचे. कोन जमला की पेन्सिलीने खूण करून तसा पाइप कापायचा, फटी एम-सीलने बुजवायच्या, पॉलिशपेपरने घासायचे आणि वर सीटचे उरलेले रेक्झिन चढवायचे. वायरीत 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. 4 ओहमच्या ट्वीटरपर्यंत तो साधारण 4,000 कंपनांखालचे जडशीळ स्वर पोचू देत नाही, नाहीतर नाजूक घुमट फाटायचा. आणि ट्रकची वीज 24 व्होल्टची, टेप 12 चा. तेव्हा मध्ये कन्व्हर्टर. काही लोक दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वायर ओढतात आणि ती बॅटरी अकाली मरते, असेही ज्ञान मला मिळाले.

ऐकायला अर्थातच दादा. गाडी त्याची, सीट त्याची, कान त्याचे.

“आता बघा, बाबा.”

“तसंच आहे.”

“आणि आता?”

“तसंच.”

मी क्लीनरच्या जागेवर बसले होते. मला फरक स्वच्छ कळत होता. एका कोनात झांजा उघडत होत्या, दुसऱ्यात मिटत होत्या. दहाव्यांदा “तसंच” आले तेव्हा भाचा वैतागला. गाणे थांबवून त्याने मोबाइलवरून नुसता एकेक स्वर सोडायला सुरुवात केली. 1,000. दादाने हात वर केला. 2,000. हात वर. 3,000. जरा वेळाने हात वर. मग 4,000 आला. कानात सुई गेल्यासारखी मी कान झाकले, दारातून वहिनी ओरडली, “अरे, बंद कर ते!”

दादा भाच्याला म्हणाला, “थांबवलंस का रे?”

कुणी काही बोलले नाही. भाच्याने फोन खाली ठेवला, आणि मग उगाच पाना शोधू लागला.

मी भाषा शिकवते. स्वर खालच्या कंपनांत मोठ्याने वाजतात आणि व्यंजनांची धार वरच्या कंपनांत असते, हे मी वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहिते. ‘स’ची सळसळ बरीचशी 4,000 च्या वरची. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च यांतला भेदही त्या सळसळीतच. म्हणजे दादाला वहिनीचे बोलणे ऐकू येत होते, त्यातले शब्द येत नव्हते. आणि मी, ध्वनिविचारावर टिपणे काढणारी त्याची बहीण, हे ‘संसारात असेच असते’ म्हणून सोडून देत होते.

कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी. उंच स्वरांच्या पेशी दारापाशीच असतात; मरतात त्याही आधी, आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. 85 डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढणे कानाला धोक्याचे मानतात. दादाने सव्वीस वर्षे काढली होती, शेजारी इंजिन आणि उजवी काच खाली. गोंगाटाने बिघडलेल्या कानाला पहिला खड्डा बहुधा 4,000 च्या आसपासच पडतो. डॉक्टरांनी आलेख दाखवला, त्यात तो खड्डा होता. उजव्या कानाला जास्त खोल.

(त्या दिवशी भाच्याने माझीही परीक्षा घेतली. 16,000 ला मी म्हटले, “थांबलं.” “चालू आहे, आत्या,” तो म्हणाला.)

दादा यंत्र घ्यायला तयार नव्हता. “म्हातारा दिसेन,” म्हणाला. “ट्रकवाल्याच्या कानात यंत्र बघून माल कोण देईल?” हा प्रश्न खोटा नव्हता, म्हणून मी वाद घातला नाही. ओवाळताना एवढेच म्हटले की ओवाळणी म्हणून मला तेच हवे. तो माझ्याकडे पाहत राहिला. आधी मला वाटले, ऐकू आले नाही.

बैठका भाच्याने त्याच संध्याकाळी पुऱ्या केल्या, कोन माझ्या कानाने ठरवून. मधल्या काळात त्या नीटच बसल्या, फक्त डाव्या खांबावर कणकेचा वाळका डाग राहिला आहे.

माघात यंत्र आले. फाल्गुनात एका रात्री अकराला दादाचा फोन, वापीच्या अलीकडून. मी घाबरून उचलला.

“काही नाही गं,” तो म्हणाला. “इंडिकेटर टिकटिक करतो, हे विसरूनच गेलो होतो. मघापासून गाडी बाजूला लावून ऐकत बसलोय.”