घरचं बजेट आणि हॉस्टेलची कॉन्ट्री

आपल्यापैकी बहुतेकांचं घर एका पगारावर नाहीतर शेतमालाच्या पट्टीवर चालतं. आपला महिन्याचा खर्चही त्यातूनच येतो. तरीपण घर चालवायची जी रीत आपण लहानपणापासून बघत आलो, ती हॉस्टेलच्या गेटबाहेर ठेवूनच आपण आत शिरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी काय होतं आठवा. पगार झाला की त्याच दिवशी आई वाटणी करते. किराणा, दूध, गॅस, लाइटबिल वेगळं काढायचं, राहील ते हातखर्चाला. थोडे डाळीच्या डब्यात जातात, त्यांची खबर बाबांनाही नसते. जूनमधली फी, दिवाळी, विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच येतो, पण त्यासाठी दर महिन्याला काहीतरी बाजूला पडत असतं. मेकॅनिकलवाल्यांनो, आपलं फ्लायव्हील दुसरं काय करतं? जास्तीची ऊर्जा साठवतं, कमी पडली की देतं. इकडे परीक्षेचा फॉर्म, जर्नल, प्रोजेक्टचं सामान दर सेमिस्टरला ठरलेलं, तरी प्रत्येक वेळी आभाळ कोसळल्यासारखा घरी फोन जातो.

त्यात २०१६ मध्ये यूपीआय आलं. पाकिटातली नोट कमी झालेली दिसते तरी. फोन मात्र तेवढाच जड राहतो. दिवसाला १० रुपयांचे दोन चहा आणि २० चा एक वडापाव धरला तरी महिन्याचे १२०० झाले. चहा सोडा असं मी म्हणणार नाही (सबमिशनच्या रात्री कोण सोडेल?). मी एवढंच करतो, रविवारी आठवड्याचे पैसे रोख काढतो आणि रात्री वहीत दोन ओळी लिहितो. मोबाईलमध्ये यादी आपोआप होते हे खरं, पण ती उघडून बघतो कोण? हाताने 'कोल्ड्रिंक ४०' लिहिताना जरा लाज वाटते, तोच फायदा.

पण माझा खरा राग आहे कॉन्ट्रीवर. विंगमध्ये २५ जण. स्वतःचा सोडून २४ वाढदिवस, माणशी १०० रुपये म्हणजे वर्षाला २४००. अर्धा केक खायला, अर्धा तोंडाला फासायला! ज्याच्या घरी यंदा पट्टी बरी आली नाही, त्याला चारचौघांत 'नको' म्हणता येत नाही. तो देतो. मग रविवारी रात्री मेस बंद असते, सगळे बाहेर जेवायला निघतात आणि हा "भूक नाही रे, तुम्ही जा" म्हणून रूमवर बिस्किटाचा पुडा फोडतो. असा एक जण प्रत्येक विंगमध्ये असतो, आणि आपल्याला तो माहीत असतो. टीटीएमएमची आपण चेष्टा करतो, पण त्यात निदान कोणी कोणाच्या खिशात हात घालत नाही.

माझी सूचना साधी आहे. महिन्यातले सगळे वाढदिवस एकाच दिवशी करायचे, पोहे आणि चहा. कोपऱ्यात एक झाकणाचा डबा ठेवायचा, ज्याला जमेल तेवढं त्याने टाकावं, कोणी किती टाकले ते बघायचं नाही. कमी पडले तर पोह्यात शेंगदाणे कमी. रेक्टर सरांनी त्या रात्री कॉमन रूमची चावी अकरापर्यंत आमच्याकडे राहू द्यावी, एवढीच विनंती.