पहिल्या पसंतीला कोणतं कॉलेज टाकायचं? लोणारच्या पोरांसाठी हा प्रश्न सोपा का नाही?

निकाल लागला की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो, "सीओईपी पहिल्या नंबरवर टाकू नको, लागणार तर नाहीच, उगाच पहिला पर्याय वाया जाईल." सल्ला देणारा मनापासून देतो. पण तो चुकीचा आहे आणि दर वर्षी तो ऐकून कित्येक पोरं आपल्या हक्काच्या जागेपेक्षा खालच्या जागेवर जाऊन बसतात.

मग बरोबर काय? तर आधी प्रवेशाची ही यंत्रणा कशी चालते ते बघू.

कॅप राउंडमध्ये जागा मिळते कशी?

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. तुम्ही कॉलेज आणि ब्रँच अशा जोड्या पसंतीच्या क्रमाने भरता. गुणवत्ता यादीत तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली तपासली जाते आणि जी पहिली जागा तुमच्या प्रवर्गात शिल्लक असेल ती तुम्हाला मिळते.

यात कॉलेजला काहीच निवडायचं नसतं. तुम्ही त्यांना कितव्या नंबरवर टाकलंय हे बघून ते तुम्हाला घेत किंवा नाकारत नाहीत. त्यामुळे समजा वरती पुण्याचं सीओईपी टाकलं, मग मुंबईचं व्हीजेटीआय, मग अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी आणि त्याखाली आपल्याच जिल्ह्यातलं शेगावचं श्री संत गजानन महाराज कॉलेज. वरची तिन्ही लागली नाहीत म्हणून शेगावची शक्यता एका टक्क्यानेही कमी होत नाही. कटऑफला घाबरून क्रम खाली-वर करण्यात फायदा शून्य.

मग गोची कुठे आहे?

गोची आहे ऑटो-फ्रीझमध्ये. 2025-26 च्या प्रवेशांत कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती घ्यावीच लागत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही लागलं तरी तेच. नाही म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद.

म्हणजे "असू दे, भरून ठेवू" म्हणून तिसऱ्या नंबरवर टाकलेली ब्रँच दुसऱ्या फेरीत लागली, तर तिथेच अडकलात. पुढच्या फेरीत वरची जागा रिकामी झाली तरी ती तुमच्यासाठी नाही. म्हणून वरचे सहा पर्याय भरताना एकच प्रश्न विचारायचा : हे लागलं तर मी खरंच जाणार आहे का? उत्तर नाही असेल तर तो पर्याय तिथे नको.

हे आकडे त्या वर्षीचे आहेत. नियम बदलत राहतात, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचायलाच हवी.

अमेरिकेतलं गणित उलटं आहे

अमेरिकेतल्या अनेक नामांकित कॉलेजांमध्ये 'अर्ली डिसिजन' नावाचा प्रकार असतो. साधारण 1 नोव्हेंबरपर्यंत एकाच कॉलेजला अर्ज करायचा, निवड झाली तर तिथेच येईन असं लिहून द्यायचं. डिसेंबरमध्ये निकाल. तिथे कॉलेज स्वतः निवडतं, त्यामुळे एकमेव अर्ज कुठे टाकायचा हा खरोखर जुगार असतो.

पण या पद्धतीवर मोठा आक्षेप आहे. आधीच शब्द देणं त्यालाच परवडतं, ज्याला चार कॉलेजांची आर्थिक मदत शेजारी ठेवून तुलना करायची गरज नाही. पुरेशी मदत मिळाली नाही तर शब्दातून सुटता येतं, पण घासाघीस करायला हातात दुसरं कॉलेज नसतं. हार्वर्डमध्ये लवकर अर्ज करणाऱ्यांवर असं बंधन नव्हतं. तरीही या पद्धतीचा फायदा सुस्थितीतल्या मुलांनाच होतो, असं म्हणत हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने 2006 मध्ये लवकर अर्जाची सोय बंद करण्याची घोषणा केली. 2011 मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली.

पद्धत वेगळी असली तरी हा मुद्दा लोणारलाही लागू होतो. बांधून घेणारा निर्णय लवकर घ्यायचा, तर पैशांचा हिशोबही लवकर झालेला लागतो.

हिशोबात काय काय धरायचं?

जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही.

आणि माफी फक्त शुल्काची आहे. पुण्यातली खोली, मेस, येणं-जाणं घरूनच. त्यासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आणि इतर काहींना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपण कशात बसतो हे पर्याय भरण्याआधी कळलं तर यादीचा क्रमच बदलू शकतो.

खरी सुरुवात अकरावीलाच होते

हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो. अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत जागांचा मोठा वाटा 'होम युनिव्हर्सिटी'च्या मुलांसाठी असतो. बुलडाणा जिल्हा येतो अमरावती विद्यापीठात. पण दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केली असेल तर होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून केली यावरून. लोणारचा मुलगा अकरावीला छत्रपती संभाजीनगरला गेला तर त्याची होम युनिव्हर्सिटी तिथली होते आणि अमरावती-शेगावच्या जागांवर तो बाहेरचा ठरू शकतो.

2025-26 पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेशही राज्यभर एकत्र झाला. आधी तो मोजक्या शहरांपुरता होता. त्यात कमाल दहा पसंतीक्रम भरायचे आणि पहिली पसंती लागली तर प्रवेश घ्यायचाच, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे पहिला बंधनकारक निर्णय आता पंधराव्या-सोळाव्या वर्षी.

माहितीचं अंतर

लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे मुक्त विद्यापीठातून पदवी आणि तुळजापूरच्या टिसमधून पदव्युत्तर शिक्षण घेऊन 2021 मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसला गेले. घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना नामवंत संस्थांचे अर्ज भरायला मदत करणारी एकलव्य ही त्यांची संस्था. अशी संस्था लागते याचाच अर्थ, पोरांची अडचण हुशारीची नाही. कोणता फॉर्म कधी भरायचा आणि कुठे सही केली की मागे येता येत नाही, हे सांगणारं घरात कोणी नसतं.

शहरातल्या मुलाला हे क्लासवाला सांगतो, दादा-ताई सांगतात. लोणारमध्ये ते काम शाळेने दहावीच्या निकालाआधीच केलं पाहिजे. एक तास, एक फळा आणि त्या वर्षीची माहिती पुस्तिका, एवढ्यावर ते होतं.