खटला आपला, वकील दुसऱ्याचा

नांदेड-लातूरच्या मुस्लिम घरात दहावीचा निकाल लागला की एकच प्रश्न विचारला जातो: नीट की जेईई? लातूरच्या ट्यूशन एरियात खोली मिळाली की आई-वडील निश्चिंत होतात. नीट हुकली तर बी.एस्सी., आणि तेही जमले नाही तर "मग कर एलएल.बी." कायद्याचे शिक्षण आपल्याकडे उरलेल्यांची सोय झाले आहे. त्यापुढे जाऊन कुणी अमेरिकेत आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएल.एम. करायचे म्हटले तर घरचेच हसतात. देगलूर नाक्यावर त्याचा काय उपयोग, असे विचारतात.

माझे भांडण या हसण्याशी आहे. आंतरराष्ट्रीय कायदा आपल्याला परका नाही. आपले प्रश्न त्याच्या दारात कधीचे उभे आहेत. तिथे बोलणारा माणूस तेवढा आपला नाही.

आधी इतिहास बघा. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेत चर्चा झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. या प्रकरणावर 'अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ'मध्ये १९४९ साली तारकनाथ दास यांनी लिहिले, १९५० साली न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक क्लाइड ईगलटन यांनी लिहिले. एक बंगाली क्रांतिकारक, दुसरा अमेरिकन. ज्यांच्या गावांवरून ते सगळे गेले, त्या आपल्या जिल्ह्यांतून किती जणांनी हे लेख वाचले आहेत?

त्या काळातला लातूरचा सर्वांत गाजलेला मुस्लिम वकील म्हणजे कासिम रझवी. कायदा शिकलेल्या या माणसाने रझाकारांच्या हाती शस्त्रे दिली, हिंदू शेजाऱ्यांवर अत्याचार होऊ दिले आणि शेवटी त्याची किंमत गोरगरीब मुसलमानांनीही मोजली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आजचे लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. पुढे मुंबईचे वकील ए. जी. नूरानी यांनी तो आपल्या हैदराबादवरच्या पुस्तकात छापला. एका वकिलाने आग लावली, दुसऱ्याने कागद जपला. आपल्या मुलांनी कुणाच्या वाटेने जायचे, हे आपणच ठरवायचे आहे.

आता आजचे बघा. २०१२ साली नांदेड शस्त्र प्रकरणात यूएपीएखाली पाच जणांना अटक झाली. जून २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले आणि दोघांना निर्दोष सोडले. दोषींना शिक्षा झाली, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण जे निर्दोष ठरले त्यांच्या नऊ वर्षांचे काय? नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ साली सामील झाला. खटला विनाविलंब चालावा, असे त्याचे कलम १४ सांगते. बेकायदा अटक झालेल्याला भरपाईचा हक्क आहे, असे कलम ९ सांगते. पण सामील होतानाच भारताने निवेदन जोडले की बेकायदा अटकेबद्दल सरकारकडून भरपाई वसूल करण्याचा हक्क भारतीय कायद्यात नाही. म्हणजे नांदेडच्या पोराच्या गेलेल्या वर्षांचा हिशोब एका आंतरराष्ट्रीय कराराच्या तळटीपेत अडकला आहे. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात अशा भरपाईसाठी कायदा सुचवला. तो झालेला नाही. तो व्हावा म्हणून मांडणी कोण करणार? मोर्चात घोषणा देणारे पुष्कळ आहेत. कराराचे कलम उच्च न्यायालयात नेमके कुठे बसते, हे सांगणारे किती?

कुणी म्हणेल, आपली न्यायालये हे करार मानतात कुठे? मानतात. १९९७ च्या विशाखा निकालात देशी कायद्यातली पोकळी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारानेच भरली.

आणि लहान माणसाचे कोण ऐकतो, असे म्हणणाऱ्यांनी गाम्बियाकडे बघावे. पश्चिम आफ्रिकेतला हा मुस्लिमबहुल देश लोकसंख्येने साधारण आपल्या लातूर जिल्ह्याएवढा. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याने रोहिंग्यांसाठी म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी एकमताने अंतरिम आदेश दिला. त्यामागे होते गाम्बियाचे कायदामंत्री अबुबकर तंबादू, रवांडा न्यायाधिकरणात काम केलेले वकील. गाझाच्या व्हिडिओंनी आपले स्टेटस भरलेले असते. दक्षिण आफ्रिकेच्या अर्जावर त्याच न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ रोजी दिलेला आदेश मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडला असेल.

मग अमेरिकाच का? ग्वांटानामो चालवणारा देश आपल्याला न्याय काय शिकवणार? हा सवाल रास्त आहे. पण ग्वांटानामोच्या कैद्यांसाठी लढलेल्या वकिलांत अमेरिकेच्या लॉ स्कूलचे प्राध्यापक आणि विद्यार्थीही होते. तिथे गाईड पाठ करून निभत नाही. १८७० च्या दशकापासून हार्वर्डने रुजवलेल्या पद्धतीत विद्यार्थ्याला मूळ निकाल वाचून भर वर्गात उत्तर द्यावे लागते. लॉ क्लिनिकमध्ये प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या पक्षकाराचे काम करावे लागते. आपल्याला तिथून हे कसब आणायचे आहे, त्यांचे परराष्ट्र धोरण नव्हे.

एजंटांच्या नादी मात्र लागू नका. अमेरिकेत कायद्याची मुख्य पदवी जेडी. ती आधीच्या पदवीनंतर तीन वर्षांची असते. आपल्या एलएल.बी.धारकाला एक वर्षाचे एलएल.एम. पुरते आणि त्यासाठी एलसॅट लागत नाही. मात्र ते एलएल.एम. म्हणजे भारतातली सनद नाही. बार कौन्सिलने २०२१ मध्ये एक वर्षाच्या एलएल.एम.च्या मान्यतेवरच प्रश्न उभा केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हणून आधी इथे एलएल.बी., मग सनद, मग नांदेड किंवा लातूरच्या कोर्टात तीन वर्षे काम, आणि मग अमेरिका. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपलाही तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि तिच्या विषयांत आंतरराष्ट्रीय कायदा आहे.

पैसा हा खरा अडसर. नामांकित विद्यापीठात राहण्या-खाण्यासह वर्षाला एक लाख डॉलरच्या वर खर्च जातो. अल्पसंख्याकांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-सवलत देणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वेळी गेली. याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे, आणि तो आपल्या मतावर निवडून येणाऱ्यांनी संसदेत विचारला पाहिजे. पण तोवर आपण काय करणार? शादीखान्यात एका रात्रीत लाखो रुपये उडवणारी कौम दोन जिल्ह्यांत मिळून दर दोन वर्षांनी एका वकिलाला पाठवू शकत नाही, हे मला मान्य नाही. फेलोशिप मिळाली तर उरलेला भार आपण उचलू शकतो. आणि या निधीत मुलींचा वाटा निम्मा असावा.

गेलेला परत येत नाही, ही भीती खरी आहे. म्हणून अट घाला. बडोदा संस्थानाने बाबासाहेबांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेव्हा परत येऊन दहा वर्षे नोकरी करण्याचा करार केला होता. बाबासाहेब तिथे अर्थशास्त्र शिकले, पुढे लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि त्या शिक्षणाचा लाभ सगळ्या देशाला झाला. आपण पाच वर्षांची अट घालू: औरंगाबाद खंडपीठात काम करायचे, यूएपीएचे खटले बघायचे आणि जातधर्म न बघता ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने उभे राहायचे.

नांदेड-लातूरने डॉक्टर खूप दिले, आणखीही द्यावेत. पण दवाखान्यात बरा न होणारा एक रोग आपल्या वस्तीत आहे. त्याचा इलाज कोर्टात होतो. या वर्षी निकाल लागेल तेव्हा घरात निदान एकदा हा तिसरा पर्याय मोठ्याने उच्चारा.