धेनुकाकटचे यवन आणि विश्वासाचे भांडवल

१/
मुळशी तालुक्यातील तैलबैल्याच्या कड्यांजवळून वाघजाई आणि सवाष्णी या घाटवाटा कोकणात उतरतात. खाली ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत. उत्तरेला, शेजारच्या मावळात, बोरघाटाजवळ कार्ले. बंदरे आणि देश यांना जोडणाऱ्या वाटांवरच ही लेणी कोरली गेली, हा योगायोग नव्हे.

२/
परमुलखातील व्यापाऱ्यापुढे मालाइतकाच विश्वासाचा प्रश्न असतो. उधारी बुडाली तर दाद कोणाकडे मागायची? समान भाषा आणि समान श्रद्धा ही अडचण हलकी करतात. आजचे अर्थशास्त्रज्ञही देशादेशांतील व्यापाराचा अभ्यास करताना अंतराबरोबर समान भाषेचा विचार करतात.

३/
कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने नोंदलेली आहेत. एकाचे नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज, दुसऱ्याचे धम्म. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. धेनुकाकट नेमके कोठे आणि हे यवन मूळचे ग्रीकच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र ‘यवन’ ही ओळख न लपवता त्यांनी येथील भाषेत, येथील संघाला दान दिले, हे निर्विवाद.

४/
याच वास्तूत वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीचा आणि सोपाऱ्याच्या सातिमिताचाही लेख आहे. दूरदूरच्या माणसांची पत येथे एकाच छताखाली जाहीर होत होती.

५/
धर्म आणि अर्थव्यवहार किती निकट होते, हे नाशिकच्या पांडवलेण्यांत दिसते. नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले: २,००० दरमहा शेकडा १ दराने, १,००० शेकडा पाऊण दराने. व्याज भिक्षूंसाठी.

६/
तरीही या बंधाला मर्यादा होत्या. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो की कल्याण बंदरावर निर्बंध आले होते आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. कल्याणची भाषा बदलली नव्हती, विहारही ओस पडले नव्हते. बदलली होती सत्ता.

७/
म्हणून ‘एक भाषा, एक धर्म असेल तरच व्यापार फुलतो’ हा निष्कर्ष उथळ ठरतो. कार्ल्याचे यवन समानता जन्माने घेऊन आले नव्हते. त्यांनी ती शिकून आणि दान देऊन कमावली. आणि येथील समाजाने परक्याचे नाव आपल्या स्तंभावर कोरू दिले. सह्याद्रीच्या व्यापाराचे खरे भांडवल हे परस्परांना दिलेले स्थान होते.