मनुस्मृती चौकात जाळली, घरात कुणी ठेवली?

"चुकली तर एक थप्पड मारली, त्यात काय एवढं?" वस्तीतल्या युवा बैठकीत निळा टी-शर्ट घातलेला एक भाऊ म्हणाला. दोन बहिणींनी मान डोलावली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ४४ टक्के पुरुष आणि ४५ टक्के स्त्रियांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी बायकोला मारणं योग्य ठरवलं. पण आपण तर दरवर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळतो! मग नवऱ्याला शिक्षेचा अधिकार दिला कुणी?

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं: पत्नीने मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहावं, गुलाम होऊ नये.

ज्याला हे घरात जमत नाही, त्याने चौकात समतेवर बोलू नये. बहिणींनो, मान डोलावू नका. २००५ चा कायदा तुमच्यासाठीच आहे.

जय भीम!